नृत्यातील कथा आणि कॅमेऱ्याचा डोळा

नृत्य हे शब्दावाचून कथा सांगण्याचे प्राचीन साधन होय. अंगणात नाच पाहताना दृष्टी कोठे ठेवावयाची हे प्रेक्षक ठरवितो. पडद्यावर ते कॅमेरा ठरवितो. कॅमेऱ्यासाठी नृत्य बसविणाराने हा फरक प्रथम ध्यानी घ्यावयास हवा.

दादासाहेब फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’ (१९१९) या मूकपटात त्यांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाची भूमिका केली. आरंभी तिच्या मुद्रेवरील भाव जवळून दिसतात. कालियाशी झुंज मात्र सर्वांगाच्या हालचालींतून उभी राहते. ध्वनी नसतानाही कथा समजते. १९४५ साली अमेरिकेत माया डेरेन यांनी एक लघुपट केला. त्यात नर्तक रानात पाय उचलतो आणि तोच पाय घरातील खोलीत टेकवितो. एका पावलात स्थळ बदलण्याची ही किमया रंगमंचाला साधत नाही. उदयशंकर यांनी ‘कल्पना’ (१९४८) मध्ये एका नर्तकाच्या ध्येयाची कथा नृत्यातूनच मांडली.

शहापूर व मुरबाड तालुक्यांत वारली, ठाकर, कातकरी व महादेव कोळी समाजांची वस्ती आहे. वारल्यांच्या तारपा नाचात वादक मध्यभागी असतो आणि नर्तकांची साखळी त्याच्याभोवती फिरते. सूर बदलला की पावले बदलतात. वादक व नर्तक यांचा हा संवाद म्हणजेच नाचाचा प्राण. नर्तकांना कॅमेऱ्यापुढे एका ओळीत उभे केले की तो संवाद तुटतो. उरते ती केवळ कवायत.

आज मोबाइलमुळे चित्रण खेडोपाडी पोचले आहे. शाळांनी व ग्रामपंचायतींनी ते हाती घेताना काही पथ्ये पाळावीत. नाच कोणत्या प्रसंगाचा व त्याचा क्रम कोणता, हे जाणत्या वडीलधाऱ्यांकडून आधी समजून घ्यावे. एक कॅमेरा उंचावर स्थिर ठेवून संपूर्ण फेर अखंड टिपावा. पावले, हात व तारपा यांची जवळची दृश्ये नंतर घ्यावीत. ध्वनी मध्येच तोडू नये.

शहापूर तालुका व मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. पंचायतविषयक १९९६ च्या विस्तार अधिनियमाने, म्हणजेच ‘पेसा’ने, परंपरा व सांस्कृतिक ओळख जपण्याचे सामर्थ्य ग्रामसभेला दिले आहे. म्हणून चित्रणापूर्वी नर्तकांची व ग्रामसभेची संमती घ्यावी आणि एक प्रत गावच्या शाळेत ठेवावी. नाच ज्यांचा, त्यांच्या मुलांना तो पाहून पुन्हा नाचता आला, तरच चित्रणाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.