संकटातील अश्वपालक आणि सार्वजनिक निधी : तरतुदी, उणिवा व विस्तार कार्यकर्त्याची भूमिका

प्रस्तावना

रायपूर, दुर्ग आणि भिलाई परिसरात घोडा आता टांग्याला किंवा ओझ्याला क्वचित दिसतो. तो दिसतो मुख्यतः लग्नाच्या वरातीत. आषाढातील देवशयनी एकादशीला मुहूर्त थांबतात ते कार्तिकातील एकादशीनंतरच पुन्हा सुरू होतात. या चार महिन्यांत वरातीच्या घोड्यावर पोट असणाऱ्या मालकाची आवक जवळजवळ बंद होते, घोड्याचे खाणे मात्र बंद करता येत नाही. प्रथम चंदी कमी होते, मग नालबंदाची फेरी लांबते, पुढे आजाराकडे दुर्लक्ष होते. शेवटी घोडा मिळेल त्या किमतीला विकला जातो किंवा रस्त्यावर सोडला जातो. त्यानंतर प्राणीप्रेमी संस्था धावून येतात आणि शासकीय यंत्रणेलाही जाग येते. तोपर्यंत खर्च अनेक पटींनी वाढलेला असतो आणि घोडा बहुधा कायमचा अधू झालेला असतो.

घोडा मालकाच्या ठाणावर असतानाच मदत पोहोचावी यासाठी आज कोणत्या तरतुदी उपलब्ध आहेत, त्या कोठे कमी पडतात आणि विस्तार कार्यकर्ता व प्रगतिशील शेतकरी काय करू शकतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अश्ववर्गीय पशुधनाची स्थिती

विसाव्या पशुगणनेनुसार (२०१९) देशात घोडे व तट्टू सुमारे ३.४ लाख, गाढवे सुमारे १.२ लाख आणि खेचरे सुमारे ०.८४ लाख होती. २०१२ च्या गणनेशी तुलना करता घोडे व तट्टांत सुमारे ४५.६ टक्के, गाढवांत ६१.२ टक्के आणि खेचरांत ५७.१ टक्के घट झाली. अवघ्या सात वर्षांत निम्म्याहून अधिक अश्ववर्गीय पशुधन कमी होणे ही साधी बाब नव्हे. यांत्रिक वाहतूक, वीटभट्ट्यांवरील बदललेली कामाची पद्धत आणि चराऊ जमिनींचा ऱ्हास ही त्यामागील ठळक कारणे होत.

गायी-म्हशी भाकड झाल्या तरी त्यांच्यासाठी गोशाळांची परंपरा आणि शासकीय योजना आहेत. शेळी-मेंढीला बाजार आहे. काम थांबलेल्या घोड्याला मात्र दूध नाही, बाजार नाही आणि त्याला सांभाळणारी व्यवस्थाही अत्यल्प आहे. छत्तीसगडसारख्या राज्यात या पशूंची संख्या थोडी असल्याने जिल्ह्याच्या नियोजनात त्यांचा स्वतंत्र उल्लेखही सहसा होत नाही. संख्या थोडी असल्यामुळेच मदतीचा एकूण भार हलका आहे, ही त्याची दुसरी बाजू मात्र दुर्लक्षित राहते.

सध्याच्या प्रमुख तरतुदी

१) राष्ट्रीय पशुधन अभियान : केंद्रीय मंत्रिमंडळाने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी या अभियानात दुरुस्ती करून घोडा, गाढव, खेचर व उंट यांचा उद्योजकता घटकात समावेश केला. व्यक्ती, शेतकरी उत्पादक संस्था, स्वयंसहायता गट, संयुक्त दायित्व गट, शेतकरी सहकारी संस्था आणि कलम ८ अंतर्गत कंपन्यांना प्रकल्पाच्या भांडवली खर्चाच्या ५० टक्के, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. जाती-संवर्धनासाठी राज्यांना साह्य आणि घोडा, गाढव व उंट यांच्या वीर्यकेंद्रासाठी तसेच मूळ पैदास प्रक्षेत्रासाठी १० कोटी रुपयांची तरतूदही या दुरुस्तीत आहे. महाराष्ट्रातील भीमथडी घोड्याला आता स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. त्यामुळे धनगर समाजातील भटक्या पशुपालकांसोबत पिढ्यान्‌पिढ्या ओझे वाहणाऱ्या या घोड्याच्या संवर्धनासाठी हा मार्ग विशेष उपयुक्त ठरू शकतो.

२) पशुधन विमा : याच दुरुस्तीनुसार विमाहप्त्यातील पशुपालकाचा वाटा १५ टक्के ठेवण्यात आला आहे. उर्वरित रक्कम केंद्र व राज्य ६०:४० या प्रमाणात भरतात. ओझे वाहणारे घोडे, तट्टू, गाढवे व खेचरे विम्यास पात्र आहेत. उदाहरणादाखल, एखाद्या घोड्याचा वार्षिक हप्ता ३,००० रुपये आला तर पालकाने भरावयाची रक्कम ४५० रुपये होईल. उरलेल्या २,५५० रुपयांपैकी केंद्र १,५३० व राज्य १,०२० रुपये देईल.

३) फिरती पशुवैद्यकीय सेवा : १९६२ या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी केल्यास फिरते पथक पशुपालकाच्या दारी येते. ही सेवा केवळ गायी-म्हशींसाठी आहे असा अनेक अश्वपालकांचा समज असतो. तो दूर करणे हे विस्ताराचे पहिले काम होय.

४) ग्लँडर्स रोगातील नुकसानभरपाई : हा जीवाणूजन्य रोग घोड्यापासून माणसालाही होतो. २००९ च्या पशु संसर्ग व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमानुसार तो कळविणे बंधनकारक आहे. बाधित पशूवर उपचार न करता त्याला शास्त्रीय पद्धतीने वेदनारहित मृत्यू दिला जातो आणि मालकास भरपाई देण्याची तरतूद आहे. भरपाईची माहिती नसलेला मालक आजारी घोडा लपवतो किंवा रातोरात दुसऱ्या गावी विकतो, आणि रोग त्याच वाटेने पुढे सरकतो. म्हणून भरपाई वेळेवर मिळणे हा मालकाच्या दिलाशाइतकाच सार्वजनिक आरोग्याचाही प्रश्न आहे.

५) आश्रयसंस्थांसाठी साह्य : १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमान्वये स्थापन झालेले भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ मान्यताप्राप्त संस्थांना नियमित अनुदान, निवारा-बांधकाम, रुग्णवाहिका आणि नैसर्गिक आपत्ती अशा बाबींसाठी साह्य करते. २००१ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्रूरता प्रतिबंधक समिती असणे अपेक्षित आहे.

उणीव नेमकी कोठे आहे?

वरील यादी वाचून निधीची वाण नाही असे वाटेल. तथापि, या तरतुदींत अडचणीतील मालकाची तातडीची गरज कोठेच बसत नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानाचे अनुदान भांडवली खर्चासाठी आहे. खेळते भांडवल, जमीन खरेदी किंवा भाडे यासाठी ते मिळत नाही. शिवाय निम्मा खर्च स्वतः किंवा कर्जातून उभारावा लागतो. दोन घोड्यांवर कुटुंब चालविणारा मालक या चौकटीत येत नाही. विम्याची रक्कम मिळते ती पशू दगावल्यावर, आणि भरपाई मिळते ती पशू गमावल्यावर. घोडा जिवंत असताना, त्याला खाऊ घालण्यासाठी, यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही.

ही गरज किती मोठी आहे? सुमारे ३०० किलो वजनाच्या घोड्याला शरीरभाराच्या साधारण २ टक्के, म्हणजे रोज ६ किलो शुष्क पदार्थ लागतो. चातुर्मासाचे १२० दिवस धरल्यास तो ७२० किलो होतो. वाळलेल्या वैरणीतील ओलावा जमेस धरता हे प्रमाण सुमारे ८ क्विंटल चाऱ्याइतके भरते. काम नसलेल्या घोड्याला उत्तम प्रतीची वैरण, खनिज मिश्रण, मीठ व स्वच्छ पाणी एवढ्यावर बहुधा निभावता येते. म्हणजे अडचणीतील मालकाला लागते ती आठ क्विंटल वैरणीची सोय, आणि योजनेत तरतूद आहे ती ५० लाखांच्या मर्यादेची. या दोहोंमधील अंतरातच घोडे उपाशी राहतात.

कायद्यातही अशीच एक अडचण आहे. १९६० च्या अधिनियमाच्या कलम ३५ नुसार दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने पशू उपचारगृहात किंवा पांजरपोळात पाठविल्यास वाहतूक, पालनपोषण व उपचार यांचा खर्च मालकाने द्यावयाचा असतो. ज्याच्याकडे खाद्याला पैसा नव्हता, त्याच्याकडे हा खर्च भागविण्याइतका पैसा कोठून येणार? मग पशू परत नेलाच जात नाही आणि भार संस्थेवर पडतो. याच कलमात मालकाच्या गरिबीमुळे दंडाधिकाऱ्याने तसा आदेश दिल्यास उपचाराचा आकार माफ होण्याची सोय आहे. विस्तार कार्यकर्त्याने ती लक्षात ठेवावी आणि गरजू मालकास सांगावी.

मुंबईचा आणि अमेरिकेचा धडा

मुंबई उच्च न्यायालयाने ८ जून २०१५ रोजी मौजेसाठी चालविल्या जाणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदेशीर ठरवून त्या एका वर्षात थांबविण्याचे व पुनर्वसनाची योजना आखण्याचे आदेश दिले. राज्य शासनाने २०१७ मध्ये मांडलेल्या योजनेत ९१ मालक व १३० चालकांचा विचार होता. फेरीवाला परवाना किंवा एकरकमी १ लाख रुपये असे पर्याय त्यात होते. घोड्यांच्या क्लेशांचा प्रश्न न्याय्यच होता. परंतु बंदी आणि पुनर्वसन यांच्यात दोन वर्षांचे अंतर पडले आणि त्या काळात ठाणावरील घोड्यांना खाणे रोजच लागत होते. घोडा वीस-पंचवीस वर्षे जगतो. एकरकमी रकमेतून त्याचे उर्वरित आयुष्य भागत नाही.

अमेरिकेतील अनुभवही बोलका आहे. तेथील घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले. नको असलेल्या घोड्यांसाठी पुरेशी पर्यायी सोय मात्र उभी राहिली नाही. तेथील शासकीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०११ च्या अहवालानुसार कोलोरॅडो राज्यात घोड्यांच्या हेळसांडीच्या चौकशा २००५ मधील ९७५ वरून २००९ मध्ये १,५८८ पर्यंत वाढल्या. त्याच सुमारास आलेल्या आर्थिक मंदीचाही त्यात वाटा होता.

दोन्ही ठिकाणचा बोध एकच आहे : दयेपोटी एक वाट बंद करताना दुसरी वाट निधीसह खुली केली नाही, तर त्याची किंमत घोडाच मोजतो. माथेरानसारख्या ठिकाणी ई-रिक्षा आल्यानंतर घोडेवाल्यांच्या भवितव्याची चर्चा होत असताना हा बोध आपल्या अगदी जवळचा आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी कार्यपद्धती

१. नोंद : आपल्या क्षेत्रातील प्रत्येक घोडा, तट्टू, गाढव व खेचराची मालकनिहाय यादी करावी, वय, काम, विमा आणि शेवटची तपासणी यांची नोंद ठेवावी. यादी नसलेल्या पशूसाठी निधी मागता येत नाही.

२. पूर्वसूचना : आवक थांबण्यापूर्वी, म्हणजे ज्येष्ठातच, घोड्यांची शरीरस्थिती पाहावी. फासळ्या, पाठीचा कणा व कमरेची हाडे उठून दिसू लागणे हा पहिला इशारा समजावा.

३. गट : चार-पाच मालकांनी स्वयंसहायता किंवा संयुक्त दायित्व गट स्थापन करून हंगामात दर वरातीमागे ठरावीक रक्कम वैरणनिधीत ठेवावी. असा गट पुढे अभियानाच्या अनुदानासाठीही पात्र ठरू शकतो. सामाईक पागा, वैरण-कोठार यांसारख्या भांडवली बाबी त्याच्या प्रस्तावात मांडता येतील.

४. वैरण-पेढी : पंचायत, गोशाळा व प्रगतिशील शेतकरी यांनी हंगामात वाळलेले गवत साठवून गरजू मालकास ते उसने किंवा सवलतीने द्यावे. जिल्हा नियोजनात यासाठी लहानशी तरतूद मागता येईल.

५. कामाचे नियम : १९६५ च्या नियमांनुसार ओझ्याच्या किंवा गाडीच्या पशूला दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक आणि सलग पाच तासांपेक्षा अधिक जुंपता येत नाही. तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर असताना दुपारी १२ ते ३ या वेळेत त्याला काम देता येत नाही. रायपूरच्या उन्हाळ्यात हा नियम जवळजवळ रोज लागू होतो. ओझ्याची मर्यादा तट्टासाठी ७० किलो, गाढवासाठी ५० किलो व खेचरासाठी २०० किलो आहे. शासकीय मदत नियमपालनाशी जोडल्यास तिचा गैरवापर टळतो.

मदत म्हणून दिले जाणारे खाद्य : एक सावधगिरी

छत्तीसगडच्या भातपट्ट्यात मदत म्हणून सर्वप्रथम पुढे येतो तो भाताचा पेंढा, म्हणजे येथील पैरा. घोडा रवंथ करीत नाही. त्याच्या आतड्यात तंतूंचे किण्वन गायीपेक्षा वेगळ्या पद्धतीने होते. केवळ पेंढ्यावर ठेवलेला घोडा खंगतो आणि पाणी कमी पडल्यास त्याला मलावरोधाचा पोटशूळ होण्याचा धोका असतो. म्हणून पेंढ्यासोबत गवत किंवा द्विदल चारा अवश्य द्यावा. युरिया-प्रक्रिया केलेला पेंढा गुरांसाठी असतो, तो घोड्याला देऊ नये. गुरांच्या किंवा कोंबड्यांच्या काही तयार खाद्यांत असणारे मोनेन्सिन हे द्रव्य घोड्याला अल्प प्रमाणातही प्राणघातक ठरते. बुरशी आलेले धान्य दान म्हणूनही स्वीकारू नये.

उपासमार झालेल्या घोड्याला एकदम भरपूर दाणा देणे हीदेखील जिवावर बेतणारी चूक आहे. प्रारंभी चांगले वाळलेले लसूणघास थोडे थोडे, दिवसातून अनेक वेळा द्यावे आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आठ-दहा दिवसांत प्रमाण वाढवावे. आश्रयसंस्थांनी अनुदानाच्या प्रस्तावात बांधकामाइतकाच या दैनंदिन खर्चाचा, नालबंदाचा आणि औषधांचा हिशेब मांडावा. कोठा उभा राहिला आणि कोठार रिकामे राहिले तर संस्थेचा उद्देशच फसतो.

समारोप

सार्वजनिक निधीचे मोल त्याच्या रकमेइतकेच तो केव्हा पोहोचतो यावर ठरते. आषाढात दिलेली आठ क्विंटल वैरण घोडा वाचविते, मालकाची उपजीविका टिकविते आणि आश्रयसंस्थेचे एक ठाण खऱ्या निराधार पशूसाठी मोकळे ठेवते. तीच मदत कार्तिकात पोहोचली तर ती उपचाराच्या खर्चात जाते. विस्तार कार्यकर्त्यांनी येत्या ज्येष्ठापूर्वी आपल्या क्षेत्रातील अश्ववर्गीय पशूंची यादी पूर्ण करावी, विम्याचे अर्ज भरून घ्यावेत आणि किमान एक वैरण-पेढी उभी करावी. एवढे झाले तरी धोरण बदलण्याची वाट न पाहता अनेक घोडे आपापल्या ठाणावर सुखरूप राहतील.