गाडी दारात, पासिंग अधांतरी

आमच्या भालकीकडचा माणूस गाडी घ्यायची म्हटली की आधी उदगीर-लातूरकडे बघतो, मग हैदराबादकडे, आणि शेवटी बीदरला फोन लावतो. औराद, बसवकल्याण, आळंद, सगळीकडे हेच. सोयरीक सीमेपलीकडे, बाजार सीमेपलीकडे, मग गाडीच का अलीकडे घ्यायची? मलाही हवं ते मॉडेल आपल्या जिल्ह्यात दिवाळीनंतर मिळणार होतं आणि महाराष्ट्रातल्या एका शोरूममध्ये ते तयार उभं होतं. दसरा तोंडावर आला होता. माझं खत-बियाण्यांचं दुकान. आयुष्यभर उधारी लिहून ठेवायची सवय. त्या सवयीने मी सेल्समनला म्हटलं, कोटेशनवर ‘कर्नाटक पासिंग, आजीवन करासह’ असं लिहून द्या. तो हसला. “शेठ, बीदरच्या गाड्या आम्ही रोज करतो.” पण लिहून दिलं, शिक्काही मारला.

दसऱ्याला हार घातलेल्या गाडीसमोर पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात धरून फोटो निघाला. गाडीला पिवळी पाटी, तिच्यावर लाल अक्षरात तात्पुरता नंबर. तिथून थेट माणिकनगरला प्रभूंच्या दर्शनाला गेलो. घरचे खूश होते.

मग पासिंगची वाट बघणं सुरू झालं. ‘फाइल गेलीय’, ‘सर्व्हर बंद आहे’, ‘आमचा एजंट लग्नात आहे’. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून जात होता; त्याला सर्व्हरची अडचण कधी आली नाही. शेवटी मी गाडीचे कागद घेऊन आपल्या आरटीओत गेलो. खिडकीतल्या बाईंनी चेसिस नंबर टाकून पाहिला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. अर्जच आलेला नव्हता. फाइल गेलीय म्हणत होते, ती शोरूमच्या बाहेर पडलीच नव्हती.

शोरूमवाल्यांना विचारलं तेव्हा खरं कारण बाहेर आलं. मी गाडी घेतली तेव्हा कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या गाडीला आजीवन कर १४ टक्के होता आणि त्यावर उपकर वेगळा; महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. कोटेशनचा आकडा त्यांनी महाराष्ट्राच्या दराने काढला होता. नऊ लाखांच्या गाडीला हा फरक चाळीस हजारांच्या घरात जातो. तो भरा, मग फाइल हलवू, असं त्यांचं म्हणणं. कुणी तरी कानात सांगितलं, उदगीरच्या पाहुण्यांचा पत्ता द्या, एमएच पासिंग करून टाका. मी नाही म्हटलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली की तिथला नंबर घ्यावाच लागतो आणि तिथला करही आलाच. शिवाय पत्ता पाहुण्यांचा म्हटला की विम्यापासून चलानापर्यंत प्रत्येक कागद पाहुण्यांच्या घरी जाणार.

सीमाभागातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माहीत हवी अशी गोष्ट मला इथे कळली. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ४१ मध्ये नव्या गाडीच्या पासिंगचा अर्ज विक्रेत्याने करायचा असं आलं, आणि सगळे तेवढंच सांगतात. पुढची अट कुणी सांगत नाही: विक्रेता ज्या राज्यात आहे त्याच राज्यात पासिंग होणार असेल तरच. बीदरची गाडी बीदरला किंवा कलबुर्गीची कलबुर्गीला घेतली तर अर्ज विक्रेत्याने करायचा, आणि चुकवला तर दंड त्याला. पण गाडी लातूरची आणि पासिंग भालकीचं असेल तर अर्ज करण्याची जबाबदारी मालकाची. अर्ज नाही केला तर कलम १९२ब प्रमाणे वर्षाच्या कराच्या पाचपट किंवा आजीवन कराच्या एक तृतीयांश इतका दंड, तोही मालकालाच. विक्रेता पासिंगचे पैसे घेतो ते कायद्याने बांधलेला म्हणून नव्हे, तर सेवा विकतो म्हणून. म्हणजे हातात धरायला आपल्याकडे काय उरतं? त्याने लिहून दिलेलं. माझं कोटेशन, त्यावरचा शिक्का आणि शोरूमच्या खात्यावर आरटीजीएसने भरलेली पूर्ण रक्कम, एवढ्यावर माझा सगळा दावा उभा राहिला. सेल्समनच्या हातात रोख दिलेली माणसं या तालुक्यात कमी नाहीत. त्यांच्या हाती काही लागलेलं मी पाहिलेलं नाही.

तात्पुरत्या नंबरची मुदत हा गमतीचा विषय नाही. कायद्यात ती आता सहा महिने आहे, पण आपल्या कागदावर जी तारीख छापली असेल तीच धरायची. सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२१ ला दिलेला एक निकाल वाचून मी गाडी शेडमध्ये झाकून ठेवली. राजस्थानातल्या एका गृहस्थांची नवी बोलेरो, तात्पुरत्या नंबरची मुदत १९ जुलै २०११ ला संपलेली. नऊ दिवसांनी जोधपूरला अतिथिगृहाबाहेरून गाडी चोरीला गेली. विमा चालू होता, हप्ता भरलेला होता. तरी न्यायालयाने सांगितलं की पासिंग नसलेली गाडी रस्त्यावर नेणं हाच विम्याच्या कराराचा मूलभूत भंग आहे, आणि भरपाई नाकारली. २०१४ मध्येही अपघातग्रस्त गाडीबाबत याच कारणावरून असाच निकाल लागला होता. तेव्हा ‘नवीन गाडी आहे, पोलीस काही म्हणत नाहीत’ यावर जाऊ नका. पोलीस म्हणणार नाहीत, विमा कंपनी म्हणेल.

मी काय केलं ते सांगतो. फोन बंद केले. रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं: पासिंगपोटी घेतलेली रक्कम अमुक मुदतीत माझ्या खात्यात परत करा, फरक तुम्ही भरायचा कारण कोटेशन कर्नाटकाचं आहे, आणि विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१, फॉर्म २२ आणि मूळ बिल ताबडतोब द्या. ही कागदं हातात आली की आपला अर्ज आपण करू शकतो, शोरूमची गरज उरत नाही. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: अन्यथा बीदरच्या जिल्हा ग्राहक आयोगात येतो. ती ओळ कामाला आली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. पूर्वी आपल्याला विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत. आता वकील घेऊन सीमा ओलांडायची पाळी त्याच्यावर येते. शोरूमच्या हिशेबनिसाचा फोन आला, घासाघीस झाली, पैसे फरकासकट परत आले. मीच ऑनलाइन अर्ज केला, बँकेची सही आणली, कर भरला, आणि केए-३९ ची पाटी गाडीला लागली.

फॉर्म २१ हातात आला की आधी चेसिस नंबर आणि बनावटीचा महिना-वर्ष गाडीशी ताडून बघा. गोव्यात एका खरेदीदाराला २०११ चं मॉडेल म्हणून २००९ ची, आधी चाललेली गाडी दिली गेली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १८ फेब्रुवारी २०२१ ला न्यायालयाने टाटा मोटर्सला मोकळं केलं, कारण विक्रेत्याच्या लबाडीची कंपनीला माहिती असल्याचं सिद्ध झालं नाही. जबाबदारी विक्रेत्याचीच राहिली. म्हणजे ‘कंपनी मोठी आहे, काही झालं तर बघेल’ हाही भरवसा धरू नये.

आता शोरूमशी संबंध नसलेली, पण आपल्या घराघरात असलेली भानगड. पैसे बापाचे, तूर विकलेले. कर्ज मिळतं म्हणून आरसी हैदराबादला नोकरी करणाऱ्या धाकट्याच्या नावावर. गाडी चालवतो थोरला. जोवर सगळं गोड आहे तोवर ठीक. बिनसलं की पोलीस एकच विचारतात, आरसीवर नाव कोणाचं? कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंद तो. ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात एक गाडी हातोहात अनेकांना विकली गेली होती, नाव मात्र पहिल्याचंच राहिलं होतं. अपघाताची भरपाई न्यायालयाने त्या पहिल्यावर टाकली. म्हणून नावावर करणाऱ्यानेही विचार करावा आणि पैसे देणाऱ्यानेही. जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये देताना कोऱ्या फॉर्म २९-३० वर सही करून घरी येऊ नका. विकल्याची खबर राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, राज्याबाहेर ४५ दिवसांत आरटीओला द्यायची असते. तिची पोच घेऊन ठेवा. आणि नव्या गाडीच्या अर्जात वारस नेमण्याची सोय २०२१ पासून आहे, तो रकाना कोरा सोडू नका. कर्ज फिटलं की फॉर्म ३५ देऊन बँकेचा बोजा उतरवून घ्या, नाही तर विकताना धावपळ ठरलेली.

प्रकरण माझ्यासारखं पत्रावर मिटलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला आधी फोन करा, मग जिल्हा आयोगात जा. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये, वीस लाखांपर्यंत चारशे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज पडला पाहिजे. त्यानंतर गेलात तर गाडीच्या आधी उशिराचं कारण पटवत बसावं लागतं.