शेजाऱ्याचें कुत्रें व परसाचें कुंपण

कुंपणाविषयीं लिहितांना काटे कोणते लावावे, तार किती पदरी असावी, मेढी किती अंतरावर पुराव्या, याचा खल पुष्कळ होतो. कुंपणाच्या बुडाचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. गुरें अंगानें रेटतात, शेळ्या फटींतून शिरतात. कुत्रें मात्र खालून येतें. काटे कितीही दाट असले तरी बुडाची माती भुसभुशीत असेल तर घटकाभरांत तें आपल्यापुरती वाट पाडतें.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या परसांत हाच प्रकार घडला. शेजाऱ्यांचा कुत्रा बाभळीच्या फांजरीखालून उकरून रोज आंत येऊं लागला, व त्याच पंधरवड्यांत आमच्या चार तलंगा नाहींशा झाल्या. घरांतील तरुण मंडळी भाकरींत औषध घालून ठेवण्याच्या गोष्टी बोलूं लागली. शेजाऱ्यांचा व आमचा एका विहिरीवर पाळीचा संबंध वडिलांच्या वेळेपासून चालत आलेला; तो या कुत्र्यापायीं तुटण्याची वेळ आली. महसूल खात्यांत नोकरीस असतां कोंबड्यांवरून निघालेला तंटा बांधाच्या मोजणीपर्यंत गेलेला आम्हीं पाहिला आहे. एकदां मोजणीदार येऊन बांधावर उभा राहिला, म्हणजे कोंबड्या कोणासच आठवत नाहींत. म्हणून आम्हीं मंडळींपासून तीन दिवसांची मुदत मागून घेतली.

पहिल्या सायंकाळीं चुलीची राख चाळून बिळाच्या तोंडाशीं व खुराड्याभोंवतीं पातळ पसरली. सकाळीं तींत दोन तऱ्हेचे ठसे मिळाले. एक मोठा, नखांच्या खुणांसह. तो बिळांतून उकिरड्यापर्यंत जाऊन परत फिरलेला. दुसरा लहान, वाटोळा व नखांवांचून. तो नीट खुराड्याशीं पोचलेला. कुत्र्याचीं नखें सदैव बाहेर असल्यानें तीं मातींत उमटतात. मांजराच्या जातीचें जनावर चालतांना नखें आंत ओढून घेतें. म्हणजे तलंगा नेणारें रानमांजर निघालें. दुसऱ्या व तिसऱ्या रात्रींही हीच साक्ष मिळाली. कुत्र्यानें दरवाजा उघडला व चोरी दुसऱ्यानें केली.

मग कुत्रा उकिरड्याशीं काय शोधीत होता? तेथें ताज्या मातीचा ढीग व मोठें बीळ दिसलें. उकिरड्याखालीं घुशींनीं घर केलें होतें. कुत्रा आमचेंच काम बिनपगारी करीत होता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

यावरून उकरण्याचें कारण आधीं ओळखावें, हें ध्यानांत येईल. सावलींत उथळ व पसरट खळगा दिसला, तर कुत्रें उन्हानें तापून ओल्या मातींत पोट टेकण्यास येतें असें समजावें. कुंपणाखालीं अरुंद व सरळ बीळ असेल, तर पलीकडे कांहीं ओढ आहे: माजावर आलेली कुत्री, कोंबड्या किंवा घूस. विण्यास टेकलेली कुत्री आडोशास खोल कपार करिते. नव्या झाडांच्या खड्ड्यांत हाडांचें किंवा मासळीचें खत घातलें असेल, तर तो वासही कुत्र्यास पुरतो. असें खत खोल घालून वर माती चांगली दाबावी. दिवसभर साखळीस बांधलेलें कुत्रें सुटतांच उकरूं लागतें, त्यास तर केवळ कंटाळा हेंच कारण असतें.

मिरचीची पूड पसरण्याचा उपाय अनेकजण सांगतात. एका पावसांत ती वाहून जाते आणि तोंवर जनावराच्या व आपल्या मुलांच्या डोळ्यांस त्रास होतो. घरची वीज तारेंत सोडणें हा तर उपाय नव्हे. त्यानें कुत्र्याआधीं एखादें माणूस मरावयाचें. घुशींसाठींही विषारी आमिष उघडें ठेवूं नये, कारण तें कोंबड्याही टिपतात. आम्हीं पिंजरा लावला व उकिरडा कुंपणापासून दूर हलविला.

आतां मुख्य काम. ज्या ठिकाणीं दगड मुबलक आहे तेथें कुंपणाच्या रेषेंत एक फूट रुंद व दीड फूट खोल चर खणावा. तळाशीं मोठे दगड एकमेकांत गुंतवून बसवावे, फटींत कपच्या ठोकाव्या, व वर मुरूम घालून धुमस करावा. लहान गोटे भरल्यास कुत्रें ते एकेक बाहेर काढतें. मुरमाड जमिनींत हें काम वर्षानुवर्षें टिकतें. काळ्या जमिनींत मात्र उन्हाळ्यांत भेगा पडून दगड सुटे होतात. तेथें जस्ताचा मुलामा दिलेली तारेची जाळी बरी. तीन फूट रुंदीची जाळी घेऊन एक फूट कुंपणास उभी बांधावी व उरलेली दोन फूट काटकोनांत वळवून, कुत्रें ज्या बाजूनें येतें त्या बाजूस जमिनीवर आडवी पसरावी. वर दोनतीन इंच माती टाकून कडेनें दगड ठेवावे. कुत्रें नेहमीं कुंपणाच्या अगदीं बुडाशीं उकरतें. तेथें पंजा जाळीस लागतो. दोन फूट मागें सरून उकरावें, हें त्यास सुचत नाहीं. गवत जाळींतून वर आलें म्हणजे ती जमिनीशीं एकजीव होते.

येथें एक गोम आहे. ही आडवी जाळी शेजाऱ्याच्या बाजूस पडते. कुंपण अगदीं हद्दीवर असेल तर ती त्याच्या जमिनींत जाते, व कुत्र्याचा तंटा मिटवितांना अतिक्रमणाचा तंटा जन्मास येतो. त्याकरितां एक तर शेजाऱ्याची संमति घ्यावी, नाहीं तर कुंपण दोन फूट आपल्या हद्दींत सरकवावें. चर खणतांना हद्दीचा दगड हलूं देऊं नये. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 अन्वयें हद्दीच्या खुणा नीट राखणें ही धारण करणाराचीच जबाबदारी आहे. फाटकाखालचा भागही विसरूं नये. आम्हीं तेथें शहाबादी फरशी उभी पुरून उंबरा केला.

कुत्रें कोंडवाड्यांत घालावें असें कोणी सुचवील, तर 1871 च्या गुरांच्या कायद्यांतील यादींत हत्ती व उंटदेखील आहेत, कुत्रा नाहीं. विष घालणाराविषयीं मात्र कायदा स्पष्ट आहे: 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 प्रमाणें पांच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊं शकतात.

राखेंतील ठसे आम्हीं शेजाऱ्यांस बोलावून दाखविले. प्रथम ते ताठ होते. दोन्ही ठसे पाहिल्यावर त्यांनीं स्वतःच जाळीचा निम्मा खर्च देऊं केला व ती आपल्या बाजूस पसरूं दिली. कुत्र्यास त्यांनीं आंब्याखालीं सावलींत पाण्याची पाटी ठेवली, व पिसाळरोगाची राहिलेली लस टोंचून आणली. खुराड्यास आम्हीं नवी फळी व कडी बसविली. त्यानंतर पावसाळा गेला. एका जागीं पाण्यानें माती वाहून जाळी उघडी पडली होती, तेवढी दसऱ्याच्या सुमारास पुन्हां दाबून घेतली. उकिरड्याच्या नव्या जागेजवळ घुशीची माती पुन्हां दिसूं लागली आहे. तेव्हां दिवसा फाटक उघडून त्याच कुत्र्यास आंत घ्यावें काय, असें आमच्या मनांत आहे.