काळा टी-शर्ट, कर्कश गाणी आणि तुझा पोरगा

अगं, आधी तो काढून घेतलेला मोबाइल पोराच्या हातात परत दे. काल फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच कळलं, तू चिडण्यापेक्षा घाबरली आहेस. पोरगा दहावीत, अंगात कवटीचा काळा टी-शर्ट, कानाला हेडफोन. हिंगोलीकडच्या आपल्या पुसेगावात असलं काही ऐकणारं दुसरं लेकरू तुझ्या पाहण्यात नाही, म्हणून शेजारपाजारचे काय म्हणतील याचीही धास्ती. सगळं समजतं गं मला.

पण तो ऐकतो काय, हे विचारलंस का? तू पाठवलेला फोटो मी पाहिला. सबॅटन नावाच्या स्वीडनच्या हेवी मेटल बँडचा तो अल्बम, 'द ग्रेट वॉर', जुलै २०१९ मध्ये आलेला. खरं सांगू का, तो सगळाच्या सगळा पहिल्या महायुद्धावर आहे. १९१६ साली फ्रान्समध्ये वर्दूनला फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत माणसं मरत राहिली, त्यावर एक गाणं. रेड बॅरन या जर्मन वैमानिकावर एक. आणि मला सगळ्यात जवळचं वाटतं ते फ्रान्सिस पेगामागाबोवरचं. कॅनडातल्या मूळ रहिवाशांपैकी हा अचूक नेमबाज. युद्धात पदकं मिळवली, आणि घरी परतल्यावर आपल्याच माणसांच्या हक्कांसाठी सरकारशी भांडत बसावं लागलं त्याला. हे तुझ्या पोराला ठाऊक आहे, बघ. त्याच्या वयाच्या किती जणांना असेल?

सबॅटनच्या गायकाचा आवाज जाड आहे, पण शब्द स्वच्छ कळतात. याच अल्बमची एक इतिहास आवृत्तीही आहे. तिच्यात गाण्याआधी एक बाई तो प्रसंग बोलून सांगते. तू तीच ऐक, म्हणजे ढोलगिटारींच्या गदारोळात धागा सुटणार नाही. इंग्रजी अडलं तर पोरालाच विचार. आईला समजावून सांगताना मुलं फार मन लावून सांगतात.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेव. असल्या संगीतात युद्ध भलतंच रुबाबदार वाटतं. तेव्हा प्रत्येक गाण्यानंतर त्याला विचार, यात मेलं कोण, आणि त्यांच्या घरी मागे कोण राहिलं? गाण्यातला इतिहास पुस्तकाशी ताडून बघायची सवयही आत्ताच लाव.

आणि बघ, या अल्बममध्ये भारतीय शिपायांवर एकही गाणं नाही. तेरा लाखांच्या आसपास माणसं त्या युद्धावर गेली होती आपल्याकडून, ७४ हजारांवर परत आली नाहीत. मराठा पलटणींचे जवान आजच्या इराकमध्ये कुतच्या वेढ्यात उपाशी अडकले होते, एप्रिल १९१६ मध्ये ते ठाणं पडलं. दिल्लीतल्या तीन मूर्ती युद्धस्मारकातला एक शिपाई हैदराबाद संस्थानाचा आहे, आणि आपलं हिंगोली त्याच संस्थानात होतं की गं! हे त्याला सांगून बघ, डोळे कसे चमकतात ते.

मग त्याला वसमतला घेऊन जा. बहिर्जी स्मारक महाविद्यालयाच्या पाटीवरचे बहिर्जी शिंदे म्हणजे हैदराबाद मुक्तिसंग्रामातले हुतात्मे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, तोवर या भागानं काय काय सोसलं ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्या आईबापांकडून ऐकलेलं आहे. ती माणसं आहेत तोवर पोराला त्यांच्यापाशी बसव, मोबाइलवर त्यांचं बोलणं टिपून घ्यायला लाव. असल्या आठवणींची मेटल गाणीही होतात. न्यूझीलंडमध्ये एलियन वेपनरी नावाचा बँड आहे. त्यातल्या दोघा भावांनी कोवळ्या वयातच, आपल्या पूर्वजांच्या १८६४ च्या लढाईवर माओरी भाषेत मेटल गाणं केलं. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शननं २०१७ मध्ये मत्स्यापासून कल्कीपर्यंत अख्खा 'दशावतार' अल्बम काढला, तो पुराणावर. मुक्तिसंग्रामावरही का होऊ नये? तुझा पोरगा कदाचित नुसतं ऐकणाराच राहील, तेही चांगलंच.

अभ्यासाची काळजी रास्त आहे. वेळ ठरवून दे, पण त्याच्याशी बोलून. गणित सोडवताना हेडफोन बाजूला, जेवणानंतर अर्धा तास त्याचा. कानांबद्दल मात्र कडक राहा. फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची मर्यादा बांधता येते, ती बांध. शेजारी बसलेल्याला त्याच्या हेडफोनमधली गाणी ऐकू आली, तर आवाज फार मोठा आहे असं समज. आणि टी-शर्टवरच्या कवटीचं म्हणशील, तर धुऊन वाळत घाल, त्यात काही नाही.

तू घर, शेत, सासूबाईंची औषधं सगळं एकटीनं रेटतेस. हे तर त्याहून किती सोपं! आज जेवणं आटोपली की त्याच्याशेजारी बस, वर्दूनचं गाणं लावायला सांग, आणि तो काय बोलला ते मला उद्या कळव.