फळांचं गरम टॉपिंग: माणशी किती पडतं?

एप्रिल सरता सरता कर्जत स्टेशनबाहेर, नेरळला माथेरानच्या वाटेवर आणि चौक-खालापूरकडे जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला करवंदांचे वाटे लावून बायका बसू लागतात. पाऊस तोंडावर आला की त्याच टोपल्यांत जांभळं दिसतात. सुट्टीला आलेली मंडळी मूठभर खातात, घरी नेलेली उरलेली दोन दिवसांत मऊ पडतात आणि टाकली जातात. ही फळं साखरेत थोडी शिजवून ठेवली तर सकाळच्या घावनावर, नाचणीच्या आंबोळीवर, दह्यावर किंवा रात्रीच्या आइस्क्रीमवर घालायला सुरेख गरम टॉपिंग होतं. कर्जत-खालापुरात शेतघर असलेल्यांना, पाहुणे ठेवणाऱ्यांना आणि अर्थात इथल्याच घरांना हे परवडतं का, आणि नेमकं कितीला पडतं, याचा हा हिशोब.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करू. फळाचा भाव किलोवर बघू नका, शिजून हातात किती येतं त्यावर बघा. साखर आणि गॅस या खर्चात जवळजवळ नगण्य आहेत. 14.2 किलोचा सिलिंडर 900 रुपयांना धरला तर गॅस किलोला 63 रुपये पडतो. मध्यम आचेवर वीस मिनिटांत साधारण 50 ग्रॅम गॅस जळतो, म्हणजे तीन रुपये. साखर किलोला 46 रुपये धरली तर शंभर ग्रॅमचे पाच रुपयेही होत नाहीत. पैसा जातो तो बी, साल, देठ आणि सडक्या फळांत. खालचे भाव मी हिशोबासाठी धरले आहेत. मोसमात ते आठवड्याला बदलतात, तेव्हा तुमच्या दिवशीचा भाव घालून आकडा काढा.

जांभळापासून सुरू करू. एक किलो जांभळं 120 रुपयांना घेतली, तर बिया काढून साधारण 700 ग्रॅम गर मिळतो. रायवळ, बारीक जांभूळ असेल तर 600 धरा. बी सुरीने काढत बसू नका, त्यात वेळ जातो आणि गरही बीला चिकटून राहतो. धुतलेली जांभळं अर्धी वाटी पाण्यात झाकण ठेवून सात-आठ मिनिटं शिजवा, कोमट झाली की मोठ्या भोकांच्या चाळणीवर हाताने चोळा. खाली गर, वर बिया. त्या गरात 120 ग्रॅम साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून आटवा. जांभळाला स्वतःचा आंबटपणा कमी आणि तुरटपणा जास्त, म्हणून लिंबू वगळू नका. लिंबाने रंगही जांभळट-काळ्यावरून लालसर उजळतो. सगळं मिळून 650 ग्रॅमच्या आसपास होतं. फळाचे 120, साखरेचे 6, लिंबू आणि गॅस प्रत्येकी 3, एकूण 132 रुपये. माणशी दोन मोठे चमचे, म्हणजे 50 ग्रॅम धरलं तर तेरा जणांना पुरतं आणि माणशी दहा रुपये पडतात.

करवंद याहून स्वस्त पडतं, कारण ते आंबट असल्यामुळे साखर जास्त घेतं आणि वजन भरतं. अर्धा किलो करवंदं 60 रुपयांची, साखर 150 ग्रॅम, गॅस धरून 70 रुपये. तयार होतं 450 ग्रॅम, म्हणजे नऊ जणांना आठ-आठ रुपयांत. रस्त्यावर करवंदं बहुतेक वाट्याने किंवा पानाच्या द्रोणाने मिळतात, त्यामुळे पहिल्या खेपेला घरी आणून एक वाटा वजन करून बघा. मग किलोचा भाव कळतो.

करवंदाला एक काम जास्त आहे. देठ खुडला की तिथून पांढरा चीक येतो. तो तसाच शिजला तर भांड्याच्या कडेला आणि ओठांना चिकटतो. देठ काढून फळं मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, वर आलेला चीक ओतून द्या आणि दोनदा स्वच्छ धुवा. मग शिजवून चाळणीतून काढा. दहा काळ्या फळांमागे दोन-तीन अर्धकच्ची, लालसर असू द्या. त्यांच्यात पेक्टिन जास्त असतं, त्यामुळे कॉर्नफ्लोअरचा चमचाही न घालता पाक दाटतो. भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात किंवा उघड्या लोखंडी कढईत आंबट फळ शिजवलं तर चव धातूची होते आणि रंग मळतो.

झालं हे ओळखायचं असं: एक बशी फ्रीजमध्ये गार करून ठेवा. तिच्यावर चमचाभर टाकून बोटाने मधून रेघ ओढा. दोन्ही काठ लगेच मिटले तर अजून तीन-चार मिनिटं हवीत. रेघ क्षणभर टिकून सावकाश मिटली की गॅस बंद करा. कढईत घट्ट दिसेपर्यंत थांबलात तर गार झाल्यावर त्याची वडी होते.

आता भावाबद्दल मनापासून एक सांगायचं आहे. करवंदं जाळीतून काढताना काटे हाताला लागतात, जांभळं झाडावर चढून उतरवावी लागतात. ही कामं मुख्यतः ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरची माणसं करतात, आणि भर उन्हात टोपली घेऊन बसतातही तीच. वाट्यामागे पाच रुपये पाडून घेतल्याने तुमच्या बशीतला खर्च एका रुपयानेही नीट कमी होत नाही. विकणाऱ्या बाईच्या दिवसाच्या कमाईत मात्र तो फरक ठळक असतो. घासाघीस करू नका. त्यापेक्षा संध्याकाळी उरलेली, थोडी पिचकलेली फळं एकगठ्ठा मागा. शिजवायला ती चालतात, तिचाही माल संपतो आणि भाव आपोआप उतरतो. फक्त बुरशी लागलेली किंवा आंबूस वास येणारी निवडून बाजूला काढा.

आंब्याचं काय? हापूस शिजवू नका, पैसे आणि वास दोन्ही जातात. रायवळ किलोला 60 रुपयांनी मिळाला तर अर्धा किलो रस निघतो. त्याला पाच मिनिटांहून जास्त आच नको.

पावसाळ्यात इथली रानफळं संपतात, तेव्हा केळ्याला पर्याय नाही. चार केळी वीस रुपयांची, चमचाभर तूप, 40 ग्रॅम गूळ, वेलची, थोडं पाणी. तुपात केळ्याचे जाड काप दोन्ही बाजूंनी परता आणि गुळाचं पाणी वरून ओता. बत्तीसएक रुपयांत 350 ग्रॅम होतं, माणशी पाच रुपयेही पडत नाहीत. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते. 250 ग्रॅमचा डबा 80 रुपयांना धरला तर शिजून 220 ग्रॅम उरते आणि माणशी 19 रुपये पडतात. तुकडे अख्खे हवे असतील तर साखर आधीच लावून पाऊण तास ठेवा. साखरेने फळाचा आकार टिकतो. ती मागाहून घातली तर फळ विरघळून जातं.

दुकानातल्या बाटलीशी तुलना करायची तर दोन गोष्टी बघा. एक, बाटलीवरची किंमत 100 ग्रॅमला किती पडते. दुसरी, फळ किती टक्के. क्रशमध्ये नियमाप्रमाणे 25 टक्के फळ असलं तरी चालतं, जॅममध्ये बहुतेक फळांसाठी 45 टक्के लागतं. वरच्या जांभळाच्या कृतीत साखर आणि गर मिळून जे पातेल्यात जातं, त्यात 85 टक्के गरच असतो. जांभूळ 100 ग्रॅमला वीस रुपये, करवंद साडेपंधरा, केळं नऊ, स्ट्रॉबेरी अडतीस, हे आकडे बाटलीशेजारी ठेवून ठरवा.

छुपे खर्च दोन. पहिला पेट्रोलचा. फक्त जांभळांसाठी जाऊन-येऊन 60 किलोमीटर गाडी काढली तर चारेक लिटर लागतं, म्हणजे चारशेच्या वर रुपये. मग तेरा बशांवर तीस-तीस रुपये आणखी चढले. जात असालच तेव्हा घ्या, किंवा लोकलने या. दुसरा खर्च वेळेचा. किलोभर जांभळं निवडून, शिजवून, चाळायला पाऊण तास जातो. पाहुणे ठेवणाऱ्यांनी त्याची मजुरी हिशोबात धरलीच पाहिजे. तासाला 80 रुपये धरले तर बशीमागे पाच रुपये वाढतात. तरीही पंधराच्या आत बसतं. बाटलीत भरून विकायचा विचार असेल तर मात्र एफएसएसएआयची नोंदणी आधी करा.

साखर कमी असल्याने हे मुरांब्यासारखं बाहेर टिकत नाही. फ्रीजमध्ये कोरड्या काचेच्या बरणीत चार-पाच दिवस. वर्षभरासाठी साखर न घालता नुसता गर फ्रीझरमध्ये ठेवा, दोनशे-दोनशे ग्रॅमच्या चपट्या पिशव्यांत. पावसाळ्यात या भागात वीज तासन्‌तास जाऊ शकते, आणि चपट्या पिशव्या एकमेकींना लावून रचल्या की एका मोठ्या डब्यासारख्या थंड राहतात. शिवाय एक वितळली तरी तेवढीच वापरून टाकता येते. पूर्ण वितळलेली पिशवी परत गोठवू नका, त्याच दिवशी साखर घालून शिजवा. वाढताना लागेल तेवढंच चमचाभर पाणी घालून मंद आचेवर गरम करा. घावनावर चांगलं वाफाळतं घाला. आइस्क्रीमवर घालायचं तर बोटाला सोसेल इतकंच गरम ठेवा.