वृद्धांचें दुःख आणि त्यांचें ताट

घरांतील म्हातारें माणूस ताटांत अन्न टाकूं लागलें कीं, वय झालें, भूक मंदावायचीच, असें म्हणून आपण स्वस्थ बसतों. ह्या समजुतींत कांहीं सत्य आहे. उतारवयांत चव व वास कळण्याची शक्ति कमी होते, दांत पडतात, तहानही पूर्वीसारखी लागत नाहीं. परंतु ज्याचें खाणें थोड्याच दिवसांत निम्म्यावर आलें, त्याच्या पोटाबरोबर मनाचीही विचारपूस झाली पाहिजे.

मनाचा भार शरीरास कसा बाधतो? १९३६ सालीं कॅनडांतील डॉ. हान्स सेल्ये ह्यांनीं उंदरांस थंडी, जखम, अतिश्रम असे निरनिराळे ताप देऊन पाहिले. ताप कोणताही असो, मूत्रपिंडांवरील ग्रंथि वाढल्या व जठरांत व्रण पडले. ह्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल नांवाचा रस रक्तांत उतरतो. संकट क्षणाचें असल्यास तो उपकारक होय. परंतु महिनेच्या महिने अधिक स्रवल्यास तो स्नायु झिजवितो. मेंदूंतील दुसरा एक रस भूक दाबतो, आणि अन्न जठरांत रेंगाळतें. तरुणाची झीज लवकर भरून येते. वृद्धाची तशी येत नाहीं. मग पाय लटपटतात, पडण्याचें भय वाढतें व जखमा लवकर भरत नाहींत.

आतां आपल्या गांवाकडे पाहूं. पति वारल्यावर एकटीसाठीं चूल कशाला पेटवावी, असें म्हणणारी विधवा चहांत शिळी भाकर बुडवून दिवस काढते. मुलें शहरांत गेलेला म्हातारा कर्जाच्या काळजीनें अर्ध्या जेवणावरून उठतो. आणि कित्येकजण, आपण घरावर भार झालों, ह्या विचारानें भूक असतांही नको म्हणतात. हें शेवटचें दुःख फार गुप्त असतें. तें विचारल्यावांचून कळत नाहीं.

ह्यास्तव पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

१. बांगड्या सैल होणें, कपडे ढिले पडणें, ह्यांकडे लक्ष द्यावें. ५० किलो वजनाच्या माणसाचें सहा महिन्यांत अडीच किलो वजन विनाकारण घटल्यास वैद्यकीय तपासणी अवश्य करावी. केवळ दुःखच कारण आहे असें धरून चालूं नये.

२. दोन मोठ्या जेवणांऐवजीं थोडें थोडें चार-पांच वेळां द्यावें. वृद्धास दररोज वजनाच्या दर किलोस १ ते १.२ ग्रॅम प्रथिनें लागतात. मऊ खिचडी, मुगाचें वरण, पिठलें, दहीं, अंडें, दाण्यांचें कूट हीं घरचींच अन्नें त्यास उपयोगी आहेत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांस विचारून प्रमाण ठरवावें.

३. ताट कोपऱ्यांत नेऊन देऊं नये. सोबतीनें जेवणारा मनुष्य एकट्यापेक्षां अधिक खातो. शेजारची आजी एकटी असेल तर आठवड्यांतून दोन वेळां तरी तिला आपल्या पंगतीस बोलवावें.

४. निराशा दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास तीही आजार समजून डॉक्टरांकडे न्यावें.

वृद्धास "जेवलांत का?" असें आपण रोज विचारतों. "जेवण कां जात नाहीं?" हेंही जवळ बसून विचारावें, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत उठूं नये.