फिरत्या घरातील दोन बॅटऱ्या आणि खानदेशचे ऊन

राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीत, म्हणजे मोटरहोममध्ये, बहुधा दोन बॅटऱ्या असतात आणि त्यांची कामे इतकी भिन्न असतात की एकीची कसोटी दुसरीला लावता येत नाही. इंजिनाची बॅटरी सेल्फ मारताना काही क्षण प्रचंड प्रवाह देण्यासाठी घडवलेली असते व तिच्या पातळ पट्ट्यांना वारंवार रिकामे होणे सोसत नाही. घरगुती वापराची बॅटरी मात्र इन्व्हर्टरच्या बॅटरीप्रमाणे जाड पट्ट्यांची असून पंखा, दिवे, पाण्याचा पंप आणि लहान फ्रीज रात्रभर चालवते. दोहोंमधील रिले, म्हणजे आपोआप उघडझाप करणारा स्विच, इंजिन चालू होऊन व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेले की बॅटऱ्या जोडतो आणि ते १२.८ च्या आसपास उतरले की त्या वेगळ्या करतो, जेणेकरून रात्रीच्या पंख्यामुळे सकाळचा सेल्फ अडू नये.

राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले असले, तरी भुसावळच्या मे महिन्यात बॅटरी किती टिकेल, हा प्रश्न गाडीवाल्यालाच सोडवावा लागतो. पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या या पट्ट्यात शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. सर्वसाधारण अंदाज असा की पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांमागे ते निम्म्यावर येते. शिवाय तापलेल्या बॅटरीला चार्जिंगचे व्होल्टेज कमी लागते, म्हणून थंड हवेसाठी ठरवलेले १४.४ व्होल्ट येथे तिच्यातील पाणी उकळल्यासारखे उडवतात आणि पट्ट्या उघड्या पडतात. उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटरची पातळी दर पंधरवड्यास पाहणे हा म्हणूनच अतिरेक ठरत नाही.

तक्रार बहुतेक वेळा एकच असते: ‘दिवसभर गाडी चालवली, तरी रात्री पंखा बंद पडतो.’ बाजारात तिचे उत्तरही एकच मिळते, ते म्हणजे नवी बॅटरी, आणि हे उत्तर पुष्कळदा चुकीचे असते. जळगावहून एरंडोल, पारोळा मार्गे धुळ्याला जाण्यास दोनेक तास लागतात. रात्री चाळीस अँपिअर-अवर खर्च झाले असतील, तर वीस अँपिअरने ते दोन तासांत भरून निघावेत असा हिशेब कागदावर जमतो, परंतु शिसे-आम्लाची बॅटरी भरत आली की प्रवाह कमी घेऊ लागते व शेवटचा पाचवा हिस्सा भरण्यास कित्येक तास लागतात. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी काहींचा अल्टरनेटर, ज्याला गॅरेजमध्ये अजूनही डायनामो म्हणतात, इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज मुद्दाम उतरवतो. तेथे रिले वारंवार सुटतो आणि त्याच्या जागी व्होल्टेज वाढवून देणारा डीसी-टू-डीसी चार्जर बसवणे भाग पडते.

म्हणून खर्चापूर्वी मल्टिमीटर हाती घ्यावा. काही तास लोड आणि चार्जिंग बंद ठेवून मोजल्यास १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी आणि ११.९ च्या खाली म्हणजे रिकामी बॅटरी समजावी. हे आकडे लिथियमला लागू नाहीत. मग इंजिन चालू करून दोन्ही बॅटऱ्यांवर स्वतंत्रपणे मोजावे. इंजिनाकडे १४.२ आणि घराकडे १२.५ दिसले, तर दोष रिले, फ्यूज किंवा वायरीत आहे, बॅटरीत नव्हे. दोन्हीकडे व्होल्टेज पुरेसे असून पुरेशा चार्जिंगनंतरही रात्र निघत नसेल, तरच घरगुती बॅटरी थकल्याचा संशय घ्यावा.

सर्वांत दुर्लक्षित जागा अर्थिंगची. चार्जिंग चालू असताना मल्टिमीटरची एक तार एका बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरी तार दुसरीच्या ऋण टर्मिनलवर ठेवली असता अर्धा व्होल्ट किंवा अधिक फरक दिसला, तर चॅसिसशी असलेला जोड धुळीने व पावसाच्या ओलीने खराब झाला आहे, किंवा वायर बारीक आहे, असे मानावे. धन टर्मिनलांमध्येही हीच तपासणी करावी. जोड खरवडून घट्ट आवळल्याने जो दोष जातो, त्यासाठी हजारो रुपयांची बॅटरी बदलली जाते, हे वास्तव कारागिरांनाही ठाऊक असते.

काम करताना ऋण टर्मिनल आधी सोडावे व शेवटी जोडावे, आणि चार्जिंगमधून निघणाऱ्या हायड्रोजनजवळ ठिणगी पडू देऊ नये. दोन बॅटऱ्यांमधील धन वायरीला दोन्ही टोकांशी फ्यूज नसेल, तर घासलेल्या वायरीतून आग लागू शकते. अशा गाडीत फ्यूज बसेपर्यंत कुणीही रात्री झोपू नये.